केस नंतर, आधी डोळे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी चार महिन्यांची. केस, भुवया, पापण्या पांढऱ्या. डोळे डावी-उजवीकडे सतत झुलतात, उन्हात नेलं की ती ते घट्ट मिटून घेते. एका डॉक्टरांनी नुसतं ‘अल्बिनिझम’ (जन्मतःच रंगद्रव्य कमी असणं) म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी ‘ऑक्युलर अल्बिनिझम असेल’ म्हटलं, तिसऱ्यांनी फाइलवर ‘ओसीए २’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. घरात सासूबाई ‘कोड’ म्हणतात, शेजारी ‘सूर्यमुखी’ म्हणतात. सासूबाई तुमच्या सख्ख्या आत्या, म्हणजे तुमचं लग्न आतेभावाशी झालेलं. तुम्हाला जाणून घ्यायचंय ते इतकंच : नक्की प्रकार कोणता, आणि तो कळण्यासाठी जनुकीय तपासणी आत्ताच करून घ्यायची का?

मी पुण्यात लहान मुलांचे डोळे तपासते, वीसेक वर्षं झाली. माझ्याकडे अशी मुलं येतात तेव्हा आईवडील बहुतेक वेळा हाच प्रश्न घेऊन येतात, आणि मी बहुतेक वेळा तो थोडा बाजूला सारते. प्रकाराचं नाव कळलं की सगळं कळेल, असं वाटतं. तसं होत नाही. एकाच प्रकारच्या दोन मुलांतलं एक चष्मा लावून पहिल्या बाकावरून फळा वाचतं, दुसऱ्याला फळाच दिसत नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाचे मी तीन प्रश्न करते. तिला दिसतं किती? कातडीत रंग किती, म्हणजे उन्हाची काळजी किती घ्यायची? आणि या रंगहीनतेमागे रक्ताचा किंवा प्रतिकारशक्तीचा काही आजार दडलेला नाही ना? या तिन्हींची उत्तरं मिळवताना प्रकार बराचसा आपोआप उलगडत जातो.

आधी ‘कोड’ हा शब्द घरातून काढू या, कारण त्याने उगाच भीती बसते. कोडात रंग तयार करणाऱ्या पेशी जन्मतः ठीक असतात. पुढे कधीतरी शरीराचीच संरक्षणयंत्रणा त्यांच्यावर उलटते आणि जागोजागी पांढरे डाग पडतात. नजरेला सहसा काही होत नाही. अल्बिनिझममध्ये उलट आहे. रंगपेशी जागच्या जागी असतात, संख्येनेही नेहमीइतक्याच असतात. कारखाना आहे, कामगार आहेत, पण माल निघत नाही. मेलॅनिन हे रंगद्रव्य टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून बनतं, आणि त्या कामाची पहिली पायरी टायरोसिनेज हे विकर करून देतं. ते विकर नसलं, अर्धवट चाललं, किंवा ते ज्या पिशवीत काम करतं त्या पिशवीतलं वातावरण बिघडलं, की रंग बनत नाही किंवा कमी बनतो. हे जन्मतःच असतं, कोणाकडून लागत नाही आणि वाढत जात नाही. तुम्ही गरोदरपणात दूध-खोबरं खाल्लं की केशर घेतलं, ग्रहणात बाहेर पडलात की घरात बसलात, याचा काडीचा संबंध नाही. (तुम्ही हे विचारलेलं नाही. पण दर वेळी बाहेरच्या बाकावर कोणीतरी आईला हे ऐकवलेलं असतंच, म्हणून लिहिलं.)

आता डोळे. लोकांना केस दिसतात, त्यामुळे अल्बिनिझम म्हणजे गोरेपणाचा आजार अशी सगळ्यांची समजूत. माझ्या लेखी तो आधी डोळ्यांचा आहे. बाळ गर्भात असताना डोळ्याचा पडदा नीट घडायला रंगद्रव्याची साखळी चालू असावी लागते. ती नसली की दोन गोष्टी अपुऱ्या राहतात. पडद्याच्या मधोमध एक बारीकसा खळगा असतो, त्याला फोव्हिया म्हणतात. अक्षर वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखणं ही सगळी बारीक नजर तिथली. अल्बिनिझममध्ये हा खळगा नीट पडतच नाही. दुसरी गोष्ट मेंदूकडे जाणाऱ्या नसांची. एरवी प्रत्येक डोळ्यातले साधारण निम्मे तंतू वाटेत बाजू बदलतात आणि निम्मे आपल्याच बाजूला राहतात. इथे गरजेपेक्षा जास्त तंतू पलीकडे जातात. दोन्ही डोळ्यांची चित्रं एकावर एक बसत नाहीत, म्हणून खोलीचा अंदाज कच्चा राहतो. ही मुलं जिना उतरताना शेवटच्या पायरीवर पाय चाचपतात ते यामुळे. घाबरट म्हणून नव्हे.

चार महिन्यांच्या बाळात मी काय बघते ते सांगते, म्हणजे तुमच्या पुढच्या तपासणीत डॉक्टर काय करताहेत ते कळेल. खोली अंधारी करते. बाळ आईच्या मांडीवर. लहानसा टॉर्च खालच्या पापणीला हलकेच टेकवते. तुमच्या-माझ्या डोळ्यात बुबुळाचा रंगीत पडदा त्या उजेडाला अडवतो, फक्त मधली बाहुली उजळते. अल्बिनिझममध्ये तो पडदाच उजेड आरपार सोडतो, आणि सगळं बुबुळ आतून लालसर पेटल्यासारखं दिसतं. रात्री वीज गेल्यावर टॉर्चवर तळहात धरून बघा, बोटं जशी लाल दिसतात तसं. ‘अल्बिनो म्हणजे लाल डोळे’ ही समजूत इथूनच आली असावी. दिवसाउजेडी बहुतेकांचे डोळे निळसर, राखाडी किंवा भुरे असतात. तुमच्या मुलीचे कसे आहेत, तुम्ही लिहिलेलं नाही.

डोळ्यांचं झुलणं, म्हणजे निस्टॅग्मस, जन्मल्या दिवशी नसतं. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सुरू होतं, आणि आईवडील तेव्हाच घाबरून धावत येतात. पहिले काही महिने यांतली बरीच मुलं चेहऱ्याकडे बघतच नाहीत. ‘आंधळी आहे का हो?’ हा प्रश्न मी कितीदा ऐकला असेल! मग चौथ्या-सहाव्या महिन्याच्या आसपास ती हळूहळू बघायला लागतात, उशिरा का होईना. आत्ताची तिची नजर ही पुढची नजर समजू नका. मोठेपणी यांची नजर चष्म्यासकट साधारण ६/१८ पासून ६/१२० पर्यंत कुठेही असू शकते. ६/६० म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते हिला सहा मीटरवर जाऊन बघावं लागेल. पट्टा मोठा आहे, आणि चार महिन्यांच्या बाळाबद्दल त्यातला आकडा मी सांगणार नाही, कोणी सांगितला तर तुम्हीही धरून बसू नका. या मुलांची बुद्धी इतर मुलांसारखीच असते, आणि साध्या अल्बिनिझममुळे आयुष्य कमी होत नाही.

आता प्रकार. आधी एक घोटाळा मिटवते. ‘ओसीए १, २, ३’ हे आकडे कर्करोगाच्या पायऱ्यांसारखे नाहीत. २ म्हणजे १ पेक्षा वाईट असं काही नाही. ओसीए म्हणजे कातडी, केस आणि डोळे तिन्हींत रंग कमी असणं, आणि पुढचा आकडा कोणत्या जनुकात दोष आहे ते सांगतो. आजवर आठ क्रमांक देऊन झालेत. त्यातले पहिले चार कामाचे. ५, ६, ७ आणि ८ जगात मोजक्या कुटुंबांत सापडले आहेत, ते सोडून देऊ.

ओसीए १ मध्ये दोष टायरोसिनेजच्याच जनुकात, त्याचं नाव टीवायआर, ते ११ व्या गुणसूत्रावर असतं. भारतात झालेल्या अभ्यासांत सगळ्यात जास्त वेळा हाच सापडतो. याचे दोन पोटप्रकार. १ए मध्ये विकर अजिबात चालत नाही : केस जन्मापासून दुधासारखे पांढरे आणि तसेच राहतात, फार तर वयाने थोडे पिवळसर होतात. १बी मध्ये विकर थोडं चालतं : बाळ जन्मतं पांढऱ्याच केसांनी, पण वर्षा-दोन वर्षांत केसांवर सोनेरी झाक येते, पुढे भुरा रंगही येतो. गोम इथेच आहे. चार महिन्यांच्या बाळात १ए आणि १बी नुसतं बघून वेगळे सांगता येत नाहीत. मलाही नाही, कोणालाही नाही. याचाच एक गमतीदार उपप्रकार आहे. त्यात विकर थंडीत चालतं, उष्णतेत बंद पडतं. अशा माणसाच्या डोक्यावरचे आणि काखेतले केस पांढरे, पण हातापायांवरचे काळसर, कारण हातपाय धडापेक्षा गार असतात. सयामी मांजराचे कान, शेपटी आणि पंजे काळे आणि अंग फिकं असतं ते याच कारणाने, याच जनुकामुळे.

ओसीए २ चा दोष १५ व्या गुणसूत्रावरच्या जनुकात. आफ्रिकेत सर्वाधिक हाच. बाळ जन्मतः सहसा अगदी पांढरं नसतं, केसांत थोडा पिवळा किंवा भुरा रंग असतो आणि वयाबरोबर वाढतो. ओसीए ३ मध्ये कातडी तांबूस आणि केस लालसर, डोळ्यांचा त्रास बराच सौम्य. दक्षिण आफ्रिकेतून याची वर्णनं जास्त आली. ओसीए ४ दिसायला ओसीए २ सारखाच, जपानमध्ये बराच आढळतो. प्राणिसंग्रहालयातला पांढरा वाघ बघून एक वडील मला विचारत होते, ‘हाही आमच्या मुलासारखाच का?’ अर्धं बरोबर. तो वाघ अल्बिनो नाही, त्याचे पट्टे काळेच असतात. पण त्याचा बदल ज्या जनुकात आहे असं २०१३ मध्ये दिसून आलं, ते जनुक आणि माणसातल्या ओसीए ४ चं जनुक एकच.

या हिशेबाने तुमच्या मुलीचं काय? जन्मापासून शुभ्र केस म्हटल्यावर माझा कल ओसीए १ कडे जातो. तरी तिसऱ्या डॉक्टरांनी टाकलेलं प्रश्नचिन्ह मला आवडलं. २ आणि ४ मध्येही क्वचित बाळ इतकं फिकं जन्मू शकतं. दुसऱ्यांचं ‘ऑक्युलर’ मात्र पटत नाही. त्या प्रकारात रंग फक्त डोळ्यांत कमी असतो, केस-कातडी घरच्यांसारखीच. आणि तो एक्स गुणसूत्रावरच्या दोषाने येतो, म्हणून जवळजवळ नेहमी मुलग्यांत दिसतो, आईकडून. तुमची मुलगी आहे आणि केस पांढरे आहेत. दोन्ही बाजूंनी ते बसत नाही.

याबाबत मी स्वतः एकदा चुकले आहे. पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. सहा वर्षांचा मुलगा, डोळे झुलणारे, केस तपकिरी, रंग गव्हाळ. मी फाइलवर ‘ऑक्युलर’ लिहून टाकलं आणि आईला वाहक (स्वतःला त्रास नसताना दोष मुलाला देणारी) ठरवून मोकळी झाले. पुढच्या वेळी त्याच्या दोन बहिणी बरोबर आल्या. दोघींचे केस काळेभोर, कातडी सावळी. त्यांच्याशेजारी तो उभा राहिला तेव्हा लख्ख दिसलं की हा भाऊ घरात एकटाच फिका आहे. ओसीएच होता, थोडा रंग असलेला. पुस्तकातली वर्णनं गोऱ्या युरोपीय मुलांवरून लिहिलेली. आपल्याकडे मूल तपकिरी केसांचं असलं की ‘रंग आहे की!’ असं वाटून आपण फसतो. तेव्हापासून मी भावंडांना आणि आईवडिलांना शेजारी उभं करते. त्या आईला मात्र दोन वर्षं उगाच ‘तुझ्यामुळे’ हे ऐकावं लागलं, ते मला अजून टोचतं.

इथवरचं थोडक्यात : कोड नाही, ऑक्युलर बहुधा नाही, ओसीए आहे, त्यातला १ असण्याची शक्यता जास्त, १ए की १बी हे काळच सांगेल. आता तो तिसरा प्रश्न, ज्यासाठी मी थांबायला तयार नसते.

हजारात एखाद्या कपड्याची शिवण आतून उसवलेली असावी, तसे दोन दुर्मीळ आजार अल्बिनिझमच्या रूपात येतात. पहिला हर्मान्स्की-पुडलाक. प्रागच्या दोन डॉक्टरांनी १९५९ मध्ये तो वर्णन केला, म्हणून हे नाव. यात रंगहीनतेबरोबर रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी कामचुकार असतात, आणि काही प्रकारांत पुढे मध्यम वयात फुप्फुसं कडक होत जातात. प्लेटलेटची संख्या मोजली तर भरते बरोबर. बिघाड त्यांच्या कामात असतो, म्हणून साध्या रक्ततपासणीत हा निसटतो. माझ्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी तीन वर्षं चष्म्यासाठी येत होती. दुधाचा दात काढला आणि रात्रभर रक्त थांबेना. तिच्या नडग्यांवर नेहमी निळे डाग असायचे. मला वाटायचं, कातडी पांढरी म्हणून जास्त उठून दिसतात. तसं वाटणं हाच सापळा आहे. आता मी प्रत्येक घरात विचारते : नाकातून रक्त येतं का, कान टोचल्यावर किती वेळ वाहिलं, लस दिल्यावर टोचल्या जागी काळंनिळं होतं का? तुमच्या बाळाचे कान टोचायचे असतील तर हे आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. शंका आली तर प्लेटलेटच्या कामाची वेगळी तपासणी असते. आणि ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारखी औषधं तोवर मनाने देऊ नका.

दुसरा चेडियाक-हिगाशी. केसांना चांदीसारखी राखाडी चमक, वारंवार ताप, कातडीवर गळवं, छातीचे संसर्ग. यात पांढऱ्या पेशींत अवाढव्य दाणे दिसतात. त्यासाठी महागडं काही लागत नाही; अनुभवी पॅथॉलॉजिस्टने काचपट्टीवर रक्ताचा थेंब बघितला की दिसतात. लवकर कळलं तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार वेळेत करता येतो. म्हणून अल्बिनिझम असलेल्या प्रत्येक नव्या बाळाची मी एक साधी रक्ततपासणी काचपट्टीसह करून घेते. नव्याण्णव टक्के वेळा त्यात काही निघत नाही, आणि आम्ही सगळे चहा पिऊन घरी जातो.

आता जनुकीय तपासणी. माझं मत : रक्तस्राव किंवा संसर्गाची लक्षणं असतील तर लगेच करा. ती नसतील आणि पुढच्या अपत्याचा विचार दोनेक वर्षांत असेल तर सहा-आठ महिन्यांत, जनुकीय समुपदेशकाला भेटून, शांतपणे करा. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत समुपदेशक आहेत, आणि हैदराबादच्या सीडीएफडीसारख्या सरकारी संस्थेतही जनुकीय तपासण्या होतात. दोन्हीपैकी काही नसेल तर घाई नाही, कारण उत्तर काहीही आलं तरी पुढच्या वर्षात आपण बाळासाठी जे करणार ते बदलत नाही. हेही माहीत असू द्या की काही कुटुंबांत आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन दोषांपैकी तपासणीत एकच सापडतो, दुसरा हाती लागत नाही. त्याचा अर्थ निदान चुकलं असा होत नाही. पूर्वी केस मुळासकट उपटून टायरोसिनच्या द्रावणात ठेवायचे आणि काळा होतो का बघायचे. ती पद्धत आता कोणी वापरत नाही, कोणी सुचवली तर पैसे घालवू नका.

आतेभाऊ-मामेबहिणीचं लग्न, हा नाजूक भाग. जगात सरासरी सतरा ते वीस हजारांत एकाला अल्बिनिझम असतं, म्हणजे सत्तरात एक माणूस एका दोषाचा वाहक असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. नात्याबाहेर लग्न झालं तर दोघे वाहक असून दोन्ही दोष मुलात येण्याची शक्यता सत्तर गुणिले सत्तर गुणिले चार, म्हणजे १९,६०० मध्ये एक. सख्ख्या आते-मामे भावंडांत दुसऱ्याकडे तोच दोष असण्याची शक्यता सत्तरात एक राहत नाही, आठात एक होते. मग हिशेब सत्तर गुणिले आठ गुणिले चार : २,२४० मध्ये एक. जवळजवळ नऊपट. तरीही नात्यातल्या बहुसंख्य जोडप्यांना हा त्रास कधीच होत नाही, हेही त्याच आकड्यात आहे. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०८ मध्ये अल्बिनिझम हा चयापचयातला जन्मजात दोष म्हणून मांडला. अशा आजारांच्या घरांत आईवडील नात्यातले असण्याचं प्रमाण जास्त आहे, हे त्याआधीच गॅरड यांच्या नजरेत भरलं होतं.

तुमच्या सासूबाई म्हणतात, ‘आमच्या घराण्यात असं कोणी नाही.’ त्यांना एकच गोष्ट समजावून सांगा, पण रागाने नको. त्यांचं माहेर आणि तुमचं माहेर एकच आहे. बहुधा तुमच्या आजी-आजोबांपैकी एकाकडे हा दोष होता; तो एका बाजूने तुमच्या वडिलांत आणि दुसऱ्या बाजूने तुमच्या आत्यात उतरला, मग तुमच्यात आणि तुमच्या नवऱ्यात. कोणाच्याच अंगावर तो दिसला नाही, कारण प्रत्येकाकडे एक चांगली प्रत होती. मुलीला दोन्हीकडून बिघडलेली प्रत मिळाली. यात ‘तुमच्याकडचं’ आणि ‘आमच्याकडचं’ करायला जागाच नाही. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक, मुलगा असो वा मुलगी. पहिल्याला झालं म्हणून पुढचे तिघे सुटले, असा हिशेब नसतो. दोन्ही दोष माहीत असतील तर गर्भाची तपासणी अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते. ती करायची का, हा सर्वस्वी तुमचा निर्णय. मी त्यात सल्ला देत नाही, फक्त असं मूल मोठं होऊन काय करतं ते दाखवते, कारण निर्णयाच्या वेळी लोकांच्या डोळ्यांसमोर चार महिन्यांचं बाळच असतं.

एक उदाहरण देते. माझ्याकडे लहानपणापासून येणारी एक मुलगी आता कॉलेजात आहे. नजर ६/६०. स्वारगेटला उभी राहून तिला येणाऱ्या बसची पाटी वाचता येत नाही. ती मोबाइलचा कॅमेरा बसवर रोखते, फोटो काढते, दोन बोटांनी मोठा करते आणि चढते. तोवर बस निघालीच तर ती ड्रायव्हरला जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उन्हाचं आता. आपल्याकडे बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून कोवळ्या उन्हात धरतात. हे थांबवा. ड जीवनसत्त्वाचे थेंब बाळाला तसेही रोज द्यायचे असतातच, ४०० युनिट. ते बालरोगतज्ज्ञांना विचारून चालू ठेवा. सहा महिन्यांपर्यंत सनस्क्रीनपेक्षा सावली, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि चारी बाजूंनी काठ असलेली टोपी बरी. नुसत्या पुढच्या छज्जाच्या टोपीने कान आणि मान भाजतात. सहा महिन्यांनंतर किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन, बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातलं दुपारचं ऊन गव्हाळ कातडीलाही सोसत नाही, हिला दहा मिनिटांत लाल करेल. या कातडीवर वर्षानुवर्षं ऊन बसलं तर कर्करोगाचा धोका खरा आहे, म्हणून मोठेपणी वर्षातून एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचं. तशी पुण्यात एक सोय आहे : दुचाकीवरच्या निम्म्या मुली आधीच डोक्यापासून स्कार्फ गुंडाळून आणि कोपरापर्यंत हातमोजे घालून फिरतात. ही त्यांच्यात वेगळी दिसणारच नाही. डोळ्यांत काजळ नको. बेसन-साय, हळद, केशर यांनी रंग येत नाही. कातडी खरखरीत मात्र होते.

चष्म्याचा नंबर या मुलांना बहुतेक असतोच, मोठा आणि तिरपा. सहा महिन्यांच्या आसपास बाहुली मोठी करून नंबर तपासून घ्या. चष्मा लहान वयात लागला तर लावा, ‘एवढ्या लहान मुलीला चष्मा!’ म्हणणाऱ्यांना म्हणू द्या. चष्म्याने नजर ६/६ होणार नाही, खळगाच नसतो. पण जेवढी आहे तेवढी पूर्ण वापरली जाते. झुलणं थांबवणारं औषध नाही. वय वाढतं तसं ते बरंच कमी होतं.

थोडी मोठी झाली की ती मान एका बाजूला वाकडी करून बघायला लागेल, बहुधा. तेव्हा ‘सरळ बघ’ म्हणून हनुवटी धरून फिरवू नका, शिक्षकांनाही करू देऊ नका. त्या कोनात डोळ्यांचं झुलणं सर्वांत कमी होतं आणि तिला सर्वांत स्पष्ट दिसतं. तो कोन तिचा तिनेच शोधलेला असतो. फारच वाकडी राहत असेल तर डोळ्यांच्या स्नायूंची शस्त्रक्रिया करून तो कोन समोर आणता येतो. पुस्तक नाकाला लावून वाचलं तर वाचू द्या, त्याने डोळे बिघडत नाहीत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मिळतात. टॅबवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आणि जाडजूड मोठ्या अक्षरांच्या पुस्तकापेक्षा मुलांना त्यात लाजही वाटत नाही.

शाळेत घालायच्या आधी दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं बघा. २०१६ च्या कायद्यात अल्बिनिझम हे नाव वेगळं नाही. दाखला ‘अल्पदृष्टी’ म्हणून मिळतो, चष्म्यासकट चांगल्या डोळ्याची नजर मोजून. दोन्ही डोळे ६/२४ किंवा त्याहून कमी असले की सहसा चाळीस टक्क्यांची अट पूर्ण होते. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात मंडळापुढे जावं लागतं, त्याआधी यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर अर्ज. परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा वेळ आणि गरज असल्यास लेखनिक मिळतो. बरेच पालक ‘आमच्या मुलीवर शिक्का नको’ म्हणून दहावीपर्यंत थांबतात आणि मग फेब्रुवारीत धावाधाव करतात. पण हे आत्ता नाही. बाळाची नजर मोजता येण्याइतकी ती मोठी होऊ दे, साधारण चार-पाच वर्षांची.

आत्ता करायचं ते एवढंच : काचपट्टीसह रक्ततपासणी, सहाव्या महिन्यात चष्म्याचा नंबर, आणि घरबसल्या एक काम. दर महिन्याला तिच्या वाढदिवसाच्या तारखेला, सकाळी, त्याच खिडकीपाशी, फ्लॅश न लावता तिच्या मिटलेल्या डोळ्याचा जवळून एक फोटो काढा आणि मोबाइलमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. केसांना तेल लागतं, पिवळेपणा येतो, त्यावरून फसायला होतं. मला बघायच्या आहेत पापण्या. ओसीए १बी असेल तर रंग बहुधा तिथेच आधी उतरतो, आणि दुसऱ्या वाढदिवसाला येताना ते वीसेक फोटो ओळीने समोर असले तर तपासणीच्या कागदाआधी आपल्या दोघींना दिसेल.